धुताना बोलायचं असतं

९ जानेवारी, गुरुवार

नाही हो, मी नाही किंचाळले. किंचाळला तो सुतार. एवढा आडदांड गडी, पण मापाची दोरी टाकून असा पळाला की एक चप्पल आपल्या उंबऱ्यात आणि दुसरी थेट पाववाल्याच्या दारात सापडली. मी पलंगाच्या कडेला नुसती बसून राहिले. दातखीळ बसली होती म्हणा.

थांबा, नीट सांगते. तुम्ही गेल्यापासून सगळं या वहीतच तर सांगते तुम्हाला.

तुमची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, काल सकाळी गेल्या. म्हणजे मला वाटलं, गेल्या. नव्या वर्षाचा उपास धरून मागच्या खोलीत बसल्या होत्या, खिडकी सताड उघडी. "थंडीनं आत्मा जागा राहतो," म्हणे. मी म्हटलं, "आत्म्याला स्वेटर घाला," तर म्हणाल्या, "टवळे, तुझ्या जिभेला हाड नाही." तेच शेवटचं बोलणं. सकाळी चहा घेऊन गेले तर अंग बर्फ, ओठ निळे. हाक मारली, ओ नाही. तोंडाशी आरसा धरला, स्वच्छच राहिला.

आपल्या चर्चच्या मंडळीत बायकांची शेवटची आंघोळ आम्हीच दोघी घालतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही "गेली" म्हटलं की पाळकसाहेब घंटा वाजवतात, आणि डॉक्टरीणबाई कागदावर सही करायला सवडीनं येतात. आमच्या शब्दावर कधी कुणी शंका घेतली नाही. या वेळी दोघींतली एक फळीवर आडवी, म्हणून मी एकटीच.

वन्संचेच नियम पाळले सगळे. पाणी कोमट, कारण "पाहुण्याला गार पाण्यानं न्हाऊ घालतं का कुणी?" आणि धुताना बोलायचं. न सांगता अंगाला हात लावायचा नाही. "आता तोंड पुसते हं. आता कुशीवर वळवते हं." बोलले मी. हनुवटीला फडकं बांधलं, पांढरा झगा चढवला. मग सुतार शवपेटीचं माप घ्यायला आत आला. त्यानं डोक्यापासून टाचेपर्यंत दोरी धरली, आणि तोंड बांधलेल्या वन्सं दातांतल्या दातांत म्हणाल्या,

"चार बोटं जास्त धर. मला पाय लांब करून झोपायची सवय आहे."

पुढचं चपलांचं सांगितलंच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपास, त्यात थंडी, त्यात हृदयाच्या गोळ्या. अंग असं गोठतं की नाडी बोटाला लागतच नाही. "पण तुम्ही कोमट पाण्यानं आंघोळ घातलीत म्हणून त्या वाचल्या. जीव वाचवलात तुम्ही त्यांचा." माझे हात हातात घेऊन म्हणाल्या. मी हात काढून घेतले. ओले होते.

आणि एक. फडकं सोडल्यावर वन्संनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. आता उद्धार होणार म्हणून मी डोळे मिटले. तर म्हणाल्या, "दमलीस का गं बाळ?"

बाळ! अहो, लग्न झाल्यापासून मी टवळी आहे.

१२ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये मंडळी नुसती फुलली होती. वन्सं चालत आल्या, तशा बायका दोन्ही बाजूंना सरकल्या. आदरानं म्हणा, भीतीनं म्हणा. पाववाल्याच्या बायकोनं तर त्यांची सावली अंगावर पडू नये म्हणून पोरीला ओढून घेतलं. पाळकसाहेबांनी मला उभं केलं आणि म्हणाले, "या बहिणीचे हात बघा. हे हात देवानं वापरले." सगळ्यांनी माझे हात बघितले. लहानपणी शाळेत नखं तपासायचे तसं वाटलं.

आज प्रभुभोजन होतं, भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला. पाळकसाहेब नेहमीसारखे म्हणाले, आधी मन तपासा, मनात पाप दडवून प्याला घेऊ नका. मी प्याला पुढे सरकवला. खोकला झालाय ना, उगाच दुसऱ्यांना बाधायला नको. तसा तो काल थांबला होता, पण खोकल्याचा काय भरवसा?

सुतार पहिल्या बाकावर. केस चापून बसवलेले, आंघोळ केलेला. बाहेर मी त्याला छेडलं, "काय रे, लग्नाला निघालास का?"

"मावशी, थट्टा नको. दारू सोडली मी."

"मेलेली बाई बोलली म्हणून?"

"बोलली म्हणून नाही हो. चार बोटं म्हणाल्या म्हणून." इकडेतिकडे बघून म्हणाला, "मी प्रत्येक पेटीत चार बोटं कमीच धरतो. लाकूड वाचतं. गुडघे जरा मुडपले की बसतो माणूस. हे देवाला आणि मला सोडून कुणाला माहीत नव्हतं."

पाळकसाहेबांनाही जाऊन सांगितलं म्हणे त्यानं सगळं. रडला. आता बघा कसा तुरुतुरु चालतोय, ओझं उतरलेल्या गाढवासारखा.

१५ जानेवारी

वन्सं तो झगा उतरवायला तयार नाहीत.

हो, तोच. मेल्यावरचा. सकाळी तोच घालून कुंड्यांना पाणी घालत होत्या. दूधवाल्यानं फाटकाबाहेरच बाटल्या ठेवल्या आणि सायकल दामटली. मी म्हटलं, "वन्सं, लोक घाबरतात."

"चांगलं कापड आहे. पुरायला शिवलं म्हणून काय झालं?"

त्याचे बंद काखेखाली, बाजूला. आडव्या माणसाला घालायचा म्हणून तसा शिवतो आम्ही. ज्याचं त्याला बांधता येत नाही. म्हणून रोज सकाळी माझ्यापुढे येऊन हात वर करून उभ्या राहतात. "बांध गं बाळ." मी बांधते. गाठ दोनदा चुकते, थंडी आहे ना. त्यांचं अंग आता ऊन असतं, आधी कधी नसायचं इतकं ऊन.

आणि चालण्याचा आवाज गेलाय. आठवतं, फटक फटक सपाता ओढत यायच्या, मी फडताळातल्या गुळाचा डबा बंद करून साळसूद होईपर्यंत वेळ मिळायचा? आता अनवाणी चालतात. वळावं तर मागे उभ्या. वाट बघितल्यासारख्या बघतात.

२० जानेवारी, सोमवार

आज परीक्षा घेतली. हसू नका. म्हटलं, या खरंच आपल्या वन्संच आहेत की दुसरंच कुणी त्यांच्या अंगात शिरून परत आलंय, बघू तरी. चहात साखरेऐवजी मीठ घातलं. चांगलं दोन चमचे.

आधीच्या वन्संनी कप भिंतीवर मारला असता, वर माझ्या माहेरची सात पिढ्यांची हजेरी घेतली असती. या वन्सं सावकाश प्यायल्या. शेवटच्या थेंबापर्यंत. कप विसळला, पालथा घातला, आणि म्हणाल्या, "केलास म्हणून आनंद झाला."

स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिले मी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. बाई मरून आली आणि खोड तिकडे ठेवून आली. लोक म्हणतात, केवढी कृपा! पाळकसाहेब म्हणतात, जुना स्वभाव असाच मरायला हवा सगळ्यांचा. मरू दे ना. पण मग मागे जे उरलं ते कोण आहे, आणि ते माझ्याकडे असं का बघतं?

पूर्वी मला भांडायला तरी माणूस होतं घरात.

२७ जानेवारी

दुपारी मी अंगणात केस धुवायला बसले, तांब्या मागून कुणीतरी उचलला. वन्सं. "वाक पुढे." मी वाकले. त्यांनी पाणी ओतलं. कोमट. आणि त्याच आवाजात, ज्या आवाजात आम्ही फळीवरच्या बायकांशी बोलतो, म्हणाल्या, "आता केस धुते हं, बाळ. आता मान उचलते हं."

अहो, हे बोलणं फक्त मेलेल्यांसाठी असतं. जिवंत माणसाशी कुणी असं बोलत नाही! उठून पळावंसं वाटलं, पण केस त्यांच्या हातात.

"वन्सं, मी जिवंत आहे," मी म्हटलं. हसत म्हणायला गेले, पण आवाज फाटला.

"माहीत आहे. म्हणून तर सांगतेय, तुला ऐकू येतंय तोवर." पाणी ओतत राहिल्या. "माझा भाऊ गेला तेव्हा मी काय म्हणाले होते तुला?"

तुम्हाला कधी सांगितलं नाही मी ते. पुरून आल्यावर त्या म्हणाल्या होत्या, 'तू वेळेवर डॉक्टरकडे नेलं असतंस तर माझा भाऊ वाचला असता.' आणि त्यानंतर दर महिन्याला, कधी जेवताना, कधी दळण निवडताना, पुन्हा. तळव्यातला काटा काढून पुन्हा रुतवावा तसं.

"ते खोटं होतं," वन्सं म्हणाल्या. "म्हणताना मला माहीत होतं खोटं आहे. तू त्याला तीन वेळा नेलंस. एकटी राहायची भीती वाटली मला, आणि राग काढायला तूच होतीस जवळ. मला क्षमा कर."

पाणी डोळ्यांत गेलं, म्हणून डोळे लाल झाले. साबणाचं होतं. मी म्हटलं, "हो हो, केली," असं, जसं दुधाचा हिशेब मिटवावा. त्या वाट बघत राहिल्या. मी टॉवेल गुंडाळला आणि आत आले.

कुणी शिव्या दिल्या तर उलटून देता येतात. याचं काय करायचं माणसानं?

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाळकसाहेब चहाला आले होते, वहीपेन्सिल घेऊन. मला वाटतं रविवारच्या उपदेशाला माल हवा होता. विचारलं, "आजी, पलीकडे काय दिसलं? उजेड? देवदूत? कुणी ओळखीचं?"

"काही दिसलं नाही," वन्सं म्हणाल्या.

पाळकसाहेबांचं तोंड उतरलं. मला हसू आलं. मी म्हटलं, "साहेब, दूरचा प्रवास, खिडकीची जागा मिळाली नसेल."

"दिसलं काही नाही," वन्सं म्हणाल्या. "डोळे उघडत नव्हते, हात उचलत नव्हता. पण ऐकू येत होतं."

"काय ऐकू येत होतं?"

"ही बोलत होती ते."

माझ्या हातून बशी पडली. फुटली नाही, गोल गोल फिरत राहिली फरशीवर, फिरतच राहिली. कुणीच ती थांबवेना.

पाळकसाहेब म्हणाले, "काय बोलत होत्या?"

वन्सं माझ्याकडे बघून हसल्या. "बायकांचं बोलणं, साहेब. तुमच्या कामाचं नाही."

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. बोलले मी काहीबाही. नियमच आहे बोलायचा, आणि वाटलं, आता कोण ऐकतंय? चष्मा मी लपवायचे ते सांगितलं. प्रार्थनेच्या वेळच्या त्यांच्या नाकातल्या सुराची नक्कल मी पाववाल्याच्या बायकोला करून दाखवते ते सांगितलं. करून पण दाखवली. आणि म्हटलं, बरं झालं गेलात, आता चार दिवस मी माझ्या घरात मोठ्यानं हसेन. झालं. एवढंच. असलं तर सगळेच बोलतात मनात.

एवढंच.

९ फेब्रुवारी, रविवार

प्रभुभोजन. माझी दाढ दुखत होती. खरंच दुखत होती. द्राक्षरस आंबट असतो. प्याला पुढे दिला.

वन्संनी बघितलं. झग्यात, ताठ, माझ्या शेजारी. प्याला घेतला, प्यायल्या, आणि मग माझा हात त्यांच्या मांडीवर ओढून घेऊन उपासना संपेपर्यंत धरून बसल्या. सगळ्यांना वाटलं काय प्रेम आहे. मला उठताही येईना.

सुतार भेटला बाहेर. म्हणे जुन्या गिऱ्हाइकांच्या घरोघर जाऊन सांगतोय, तुमच्या आईची पेटी आखूड केली मी. एका घरी मार खाल्ला, दुसऱ्या घरी जेवायला वाढलं. डोळ्याखाली निळा डाग, पण चेहरा कसा धुतल्यासारखा. "मावशी, सांगून टाकलं की झोप फार गाढ लागते हो."

मी म्हटलं, "मला काय सांगतोस? मी काय लाकूड चोरते?"

२२ फेब्रुवारी, शनिवार

पाववाल्याची म्हातारी आई गेली. डॉक्टरीणबाईंनी आधी सही केली, या वेळी माझ्या शब्दावर नाही. पाववाला आमच्या दारात आला आणि वन्संच्या झग्याकडे बघत अडखळत म्हणाला, "तुम्ही... दोघी याल का?"

भट्टीमागची खोली. पिठाचा वास, भिंती उबदार. म्हातारी एवढीशी, पावासारखी. मी पाणी घेतलं आणि फडक्याला हात घातला, तशा वन्संनी माझं मनगट धरलं.

"घाई नको."

वाकल्या. आपला गाल म्हातारीच्या तोंडाशी नेला आणि तशाच राहिल्या. भट्टीची कुरकुर ऐकू येत होती. किती वेळ गेला कोण जाणे. पाण्याची वाफ थांबली. मी म्हटलं, "वन्सं, गेल्यात त्या. सही झालीय."

"आणखी थोडं."

अहो, मला वाटलं आता ती म्हातारी बोलेल. खरंच वाटलं. तिच्या पापण्यांकडे बघायची छाती होईना माझी. शेवटी वन्सं उठल्या. "गेली," म्हणाल्या. मग पाववाल्याला आणि त्याच्या बायकोला आत बोलावलं. असं आजवर कधी केलं नव्हतं आम्ही.

"काही सांगायचं राहिलं असेल तर आत्ता सांगा," म्हणाल्या. "कान सगळ्यात शेवटी जातो."

पाववाला रडत रडत कसलंसं पोरपणीचं बोलला. त्याची बायको भिंतीला चिकटून उभी होती. वन्सं म्हणाल्या, "तू पण. राग असला तरी चालेल. मेलेलं माणूस रागवत नाही." माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "आणि परत आलेलं तर मुळीच नाही."

मग आम्ही धुतलं तिला. बोलल्या वन्संच. मी तांब्या पुढे करत राहिले.

२३ फेब्रुवारी

चर्चला गेले नाही. पोट बिघडलंय.

वन्सं गेल्या, आल्या, काही विचारलं नाही. मला वाटलं होतं विचारतील. दारामागे उत्तर तयार ठेवून बसले होते.

३ मार्च, सोमवार

आज मी त्यांच्याशी भांडायचा प्रयत्न केला. म्हटलं, तुम्हाला सगळं माहीत आहे तर बोला एकदाचं! हे गोड बोलून बोलून माणसाला भाजण्यापेक्षा थोबाडीत द्या!

तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुपातून नजर न उचलता म्हणाल्या, "मला माहीत असून काय उपयोग? मी कुणी नाही. तुला माहीत आहे ना?"

"काय?"

"तुला माहीत आहे. मग झालं तर."

खडे निवडून बाजूला ठेवत राहिल्या. मी विहिरीवर जाऊन उगाच भरलेल्या घागरी रित्या केल्या आणि पुन्हा भरल्या.

९ मार्च, रविवार

प्याला यायच्या आधीच मी उठले आणि बाहेर पायरीवर येऊन बसले. या खेपेला दुखायला काही शोधलंच नाही. आत गाणं चाललं होतं. मागे पाऊल वाजलं नाही, पण पांढरं काहीतरी शेजारी बसलं.

"आत जा, वन्सं. तुमची पाळी जाईल."

"जाऊ दे."

"माझ्यापायी कशाला सोडता?"

"एकटीनं जाऊन काय करू तिथे? तू येशील तेव्हा दोघी घेऊ. नाही आलीस तर दोघी बाहेर बसू. पायरी काय वाईट आहे?"

"लोक काय म्हणतील?"

"मेलेल्या बाईला लोक काय म्हणतील याची कसली भीती?"

मला हसू आलं, आणि हसता हसता ते वेगळंच व्हायला लागलं. मी पदर तोंडात कोंबला. मग विचारलं. एवढे दिवस जिभेवर होतं ते.

"त्या दिवशी काय काय ऐकलंत?"

"चष्मा. नक्कल. चांगली करतेस हो, तोंड बांधलेलं म्हणून, नाहीतर हसले असते. आणि मी गेल्यावर तू मोठ्यानं हसणार होतीस ते."

"रागावला नाहीत?"

"वाईट वाटलं. की हसायला माझ्या मरणाची वाट बघावी लागली तुला."

आतलं गाणं संपलं. प्याला फिरत असणार, पावलं ऐकू येत होती.

"आणखी?" मी विचारलं.

वन्संनी माझ्याकडे बघितलं. इतके दिवस मला वाटत होतं ती नजर भुताची आहे. ती भुताची नाहीच हो. ती फार दमलेली आणि फार जवळची होती. आपल्यातलं कुणी दार उघडायची वाट बघत बाहेर उभं असावं तशी.

"आणखी तू सांग," म्हणाल्या. "माझ्या तोंडून निघालं तर तो आरोप होतो. तुझ्या तोंडून निघालं तर तू त्यातून बाहेर येशील."

आम्ही तशाच घरी आलो. आता त्या स्वयंपाकघरात बसल्या आहेत. दार उघडं ठेवलंय. हाक मारत नाहीत. मी इथे वही घेऊन बसलेय, कारण तिकडे जायच्या आधी एकदा बघायचंय की हे शब्द माझ्यातून निघतात का. तुमच्या बहिणीबद्दल आहे. तुम्हाला पण ऐकायलाच हवं.

त्या दिवशी डावा हात धुताना वन्संनी माझं बोट धरलं. चुकून लागला हात, असं नाही. तान्हं मूल धरतं तसं, घट्ट. त्या जिवंत आहेत हे मला कळलं. पण अहो, घर किती शांत होतं. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली, हात झग्यात घातला, आणि सुताराला आत बोलावलं.